मुलीला आफ्रिकाना स्टडीजमध्ये पदवी घ्यायची आहे – माहिती आणि अनुभव हवेत

मीरा_एडिसन | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी इथल्या एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. पहिल्या वर्षी ऐच्छिक म्हणून तिने आफ्रिकाना स्टडीजचा, म्हणजे आफ्रिका आणि जगभर विखुरलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या अभ्यासाचा, एक कोर्स घेतला. मग दुसरा घेतला, मग तिसरा. आता मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जाहीर करायची वेळ आली आहे आणि ती म्हणते, "मला हेच शिकायचंय, त्यासाठी संख्याशास्त्र सोडावं लागलं तरी चालेल."

तिचे बाबा काळजीत आहेत. साताऱ्याहून आजी फोनवर विचारतात, "अगं, पण आपला काय संबंध?" मुलगी हुशार आहे, हट्टी नाही. जेवताना ती जे सांगते ते ऐकत बसावंसं वाटतं. हैतीने फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळवलं आणि १८२५ मध्ये फ्रान्सने त्यांच्याकडूनच मळेवाल्यांची नुकसानभरपाई मागितली, त्यासाठी काढलेलं कर्ज १९४७ पर्यंत फिटत होतं, हे मला परवा तिच्याकडून कळलं. पण पोटापाण्याचं काय, हा प्रश्न आईला पडतोच.

आणखी एक गोष्ट. ती पुण्यात जन्मली, सध्या एच-फोरवर (बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला कुटुंबीयांचा व्हिसा) आहे, ग्रीन कार्डची रांग काही हलत नाही. एकविसाव्या वर्षी एच-फोर संपून तिला एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागेल. इथे कोणी हा विषय घेऊन पदवी केली आहे का? त्यात शिकवतात काय? पुढे काय करता येतं?

कावेरी२३ | रविवार, रात्री १०.०५

लक्ष ठेवून आहे. माझा भाचाही याच वळणावर आहे.

सुपर्ण | रविवार, रात्री ११.१२

मीराताई, मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. विषय चांगला की वाईट यात मी पडत नाही. व्हिसाचं गणित तेवढं समजून घ्या. एफ-वनवर पदवी झाली की ओपीटी म्हणून, म्हणजे शिकलेल्या विषयाशी निगडित कामाची परवानगी घेऊन, १२ महिने काम करता येतं. विषय सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळतात. संख्याशास्त्र त्या यादीत आहे, आफ्रिकाना स्टडीज नाही. म्हणजे एका बाजूला तीन वर्षं आणि दुसऱ्या बाजूला एक. पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन व्हिसाची सोडत दरवर्षी एकदाच निघते. तीन वर्षांत तीन संधी मिळतात, एका वर्षात जेमतेम एक. मुलगी अमेरिकन नागरिक असती तर मी यातलं काहीच लिहिलं नसतं.

संख्याशास्त्र सोडू देऊ नका. दोन्ही करता येत असेल तर खुशाल करू द्या. दोन मेजर असतील आणि दोन्ही आय-ट्वेंटीवर (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) नोंदलेले असतील, तर स्टेमच्या मेजरवर मुदतवाढ मागता येते. नोकरी मात्र त्या विषयाशी निगडित हवी. संख्याशास्त्र मायनर, म्हणजे दुय्यम विषय, ठेवलं तर मुदतवाढ मिळत नाही. इथे पुष्कळ मुलं फसतात.

अदिती_ब | सोमवार, सकाळी ७.३०

मीराताई, मी केलंय. आईबाबा चिंचवडचे, मी जॉर्जियात वाढले. आफ्रिकाना स्टडीज आणि सार्वजनिक आरोग्य असे दोन मेजर केले, आता काउंटीच्या आरोग्य विभागात काम करते. सुपर्ण यांनी व्हिसाचं लिहिलंय ते बरोबर आहे, त्यात मला काही घालायचं नाही. तुमच्या "शिकवतात काय" या प्रश्नाबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांना वाटतं की चार वर्षं मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणं वाचायची असतात.

पहिला कोर्स म्हणजे मोठा पट. माली आणि कोंगोची राज्यं, अटलांटिकवरचा गुलामांचा व्यापार, हैतीची क्रांती, अमेरिकेतलं यादवी युद्ध आणि त्यानंतरची पुनर्रचना, दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांकडे झालेलं स्थलांतर, आफ्रिकेतले स्वातंत्र्यलढे, असं सगळं. मग साहित्य, संगीत, धर्म, राजकारण, कायदा यांतले निवडीचे कोर्स. एक संशोधनपद्धतीचा कोर्स आणि शेवटच्या वर्षी प्रबंध. वाचन प्रचंड असतं आणि दर आठवड्याला लिहावं लागतं.

मला घडवलं ते पद्धतीच्या कोर्सने. एक उदाहरण देते. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून पूर्वी गुलाम असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्या २,३०० हून अधिक आहेत आणि कोणालाही वाचता येतात. त्यात चार्ल्स्टनच्या सुझन हॅमलिन यांच्या दोन मुलाखती सापडतात. एक गोऱ्या बाईने घेतलेली, दुसरी कृष्णवर्णीय माणसाने. पहिलीत मालक किती भला होता याचं वर्णन आहे. दुसरीत चाबूक आहे, विकली गेलेली मुलं आहेत, आक्रोश आहे. बाई तीच. आमच्या प्राध्यापिकेने दोन्ही कागद समोर ठेवले आणि विचारलं, आता तुम्ही इतिहास कसा लिहिणार? पहिली मुलाखत फेकून द्यायची नाही. म्हातारीला समोरच्या माणसाकडे बघून काय बोलणं सुरक्षित वाटलं, याचा पुरावा म्हणून ती वाचायची. तो तास मी जन्मात विसरणार नाही. आज मी घराघरांत जाऊन आरोग्याची माहिती गोळा करणाऱ्या टीमबरोबर काम करते तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की विचारायला कोण गेलं होतं.

आणि मुलगी संख्याशास्त्राची आहे म्हणता, तर तिला डू बॉइस यांच्याकडे जाऊ द्या. १८९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात ते स्वतः घरोघर हिंडले, प्रत्येक कुटुंबाची माहिती लिहून घेतली आणि १८९९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी आणि अटलांटातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाताने रंगवलेले सुमारे साठ तक्ते पाठवले. कृष्णवर्णीयांची जमीनमालकी, साक्षरता, व्यवसाय, लोकसंख्या. लाल, हिरव्या, पिवळ्या रंगातली ती वर्तुळं आणि वळणदार पट्ट्या आज बघितल्या तरी कालच्या वाटतात. संख्याशास्त्र आणि हा विषय यांत निवड करायला लागावी असं मुळात नाहीच. या विषयाचा पाया घालणाऱ्या माणसानेच दोन्ही एकत्र केलं होतं.

सुपर्ण | सोमवार, सकाळी ९.०२

अदिती, छान लिहिलंय. पण एक प्रामाणिक शंका. मुलाखती सगळ्यांना खुल्या आहेत, पुस्तकं ग्रंथालयात आहेत. मग त्यासाठी पदवीची फी का भरायची? आवड म्हणून वाचता येत नाही का?

अदिती_ब | सोमवार, दुपारी १२.४८

येतं की. मीही आधी वाचतच होते. पण एकटीने वाचताना जे पटतं तेच आपण वाचत जातो. वर्गात माझ्या शेजारी अलाबामाच्या शेतकरी कुटुंबातली मुलगी होती, समोर नायजेरियातून आलेला मुलगा होता, एक हैतीचा होता. गुलामगिरीच्या भरपाईवर चर्चा झाली तेव्हा तिघांची मतं तीन दिशांना. मला माझं मत दर आठवड्याला कागदावर पुराव्यानिशी मांडावं लागलं आणि ते खोडून काढणारे हुशार लोक समोर होते. ही शिस्त घरी बसून लागत नाही.

दुसरं म्हणजे आकडे. अटलांटिकवरच्या गुलामवाहू जहाजांच्या ३६ हजारांहून अधिक सफरींची नोंद आज एका खुल्या संगणकीय संग्रहात आहे. अंदाजे १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेतून जहाजांवर चढवली गेली, साधारण १ कोटी ७ लाख पलीकडे जिवंत उतरली. त्यातली आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट आणलेली चार लाखांच्या आत. ब्राझीलमध्ये पंचेचाळीस लाखांहून जास्त. हे प्रमाण पाहिलं की अभ्यास अमेरिकेपुरता का ठेवता येत नाही ते कळतं. या नोंदींत गाळलेल्या जागा खूप आहेत. त्या कशा भरायच्या आणि अंदाजाला किती धरून चालायचं, हा चक्क संख्याशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो शिकवणारं माणूस लागतं.

गडचिरोलीकर | सोमवार, रात्री ८.२०

मी डॉक्टर आहे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण रोज बघतो. आजींच्या "आपला काय संबंध" या प्रश्नावर मला माझ्या बाजूने लिहायचं आहे.

सिकलसेलचं पहिलं वैद्यकीय वर्णन १९१० मध्ये शिकागोत झालं, रुग्ण होता ग्रेनाडाहून आलेला एक तरुण विद्यार्थी. त्यानंतर कित्येक दशकं हा "काळ्यांचा आजार" म्हणून अमेरिकेत दुर्लक्षित राहिला. १९७१ पासून ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ पक्षाने स्वतःच्या दवाखान्यांत मोफत तपासण्या सुरू केल्या. आजार राष्ट्रीय चर्चेत आला आणि १९७२ मध्ये त्यासाठी केंद्रीय कायदा झाला. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. काही राज्यांनी घाईघाईने सक्तीच्या तपासण्या लावल्या. वाहक (दोष अंगात असूनही आजार नसलेला) आणि रुग्ण यांतला फरक लोकांना नीट सांगितलाच नाही. निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे त्यांना १९८१ पर्यंत बंद होते.

आपल्याकडे २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. आदिवासीबहुल भागांतल्या ७ कोटी लोकांची तपासणी हे उद्दिष्ट आहे. विदर्भात, नंदुरबारला हा आजार घराघरात आहे. तपासणीनंतर "वाहक" असा शिक्का बसलेल्या मुलीचं लग्न मोडल्याचं मी पाहिलं आहे. अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी नेमकं काय चुकलं, हे माहीत असलेला माणूस आमच्या टीममध्ये असता तर समुपदेशन तपासणीच्या आधी हवं, हे मला बैठकीत इतक्या वेळा सांगावं लागलं नसतं. मीराताई, तुमच्या मुलीसारखी आकडे आणि इतिहास दोन्ही जाणणारी माणसं आम्हाला हवी आहेत. अगदी मनापासून लिहितो आहे.

इतिहासवाट | सोमवार, रात्री १०.५५

मुंबईत महाविद्यालयात इतिहास शिकवतो. भारतातली स्थिती सांगतो, कारण कावेरी यांचा भाचा कदाचित इथलाच असेल. दिल्ली विद्यापीठात आफ्रिकन अभ्यास विभाग १९५५ पासून आहे, मुंबई विद्यापीठाचं केंद्र १९७१ पासून. जेएनयूतही केंद्र आहे. पण तिथला अभ्यास पदव्युत्तर आहे आणि त्याची घडण परराष्ट्र धोरण, व्यापार, आफ्रिकी देशांचं राजकारण अशी आहे. मीराताईंची मुलगी जे शिकते आहे त्यात खंडाबाहेर विखुरलेला समाजही येतो, आणि मुख्य म्हणजे त्याचा जन्म वेगळा आहे. तो मंत्रालयाच्या गरजेतून जन्मला नाही.

६ नोव्हेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात संप सुरू झाला. कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेने सुरुवात केली, लॅटिन अमेरिकी, आशियाई, मूलनिवासी विद्यार्थी बरोबर आले. संप मार्च १९६९ पर्यंत चालला. पोलीस आत आले, शेकडो विद्यार्थ्यांना अटक झाली. मागणी होती: आमचा इतिहास शिकवणारा विभाग द्या आणि आम्हाला प्रवेश द्या. विभाग मिळाला. तो उभा करायला आणलेले समाजशास्त्रज्ञ नेथन हेअर यांना मात्र पुढच्या वर्षासाठी ठेवलं गेलं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विलर्ड स्ट्रेट हॉल ही तिथली इमारत ताब्यात घेतली आणि तिथे जेम्स टर्नर यांच्या नेतृत्वाखाली केंद्र उभं राहिलं. या विषयातली पहिली डॉक्टरेट देण्याची सोय टेम्पल विद्यापीठात १९८८ मध्ये झाली. वीस वर्षांत संपापासून डॉक्टरेटपर्यंत. ज्ञानशाखा अशी रस्त्यावरून वर्गात आल्याची उदाहरणं फार नाहीत, म्हणून हा इतिहास मला मोलाचा वाटतो.

आता संबंध. आपण दौलताबादला सहली नेतो, खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे तिथे किती जण थांबतात? इथियोपियात सुमारे १५४८ मध्ये जन्मलेला मुलगा, अनेकदा विकला गेलेला, निजामशाहीचा कर्ताधर्ता होतो, मोगलांना आयुष्यभर झुंजवतो, १६१० मध्ये खडकी वसवतो, तिला नहरीने पाणी देतो. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्या शालेय पुस्तकात फक्त शत्रू म्हणून येतात. ते कुठून आले, कसे आले, कोकणात त्यांनी काय उभारलं, हे विचारायला आपण मुलांना शिकवत नाही.

प्रबुद्ध_नागपूर | मंगळवार, सकाळी ६.५०

संबंधाचं विचारता, तर जोतीरावांपासून सुरुवात करा. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं आणि ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून एका माळ्याच्या मुलाने दीडशे वर्षांपूर्वी हा धागा जोडला. मीराताई, आजी तर साताऱ्याच्या आहेत. फुल्यांचं मूळ गाव कटगुण त्यांच्याच जिल्ह्यात आहे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती शेजारी. १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या, कारण अस्पृश्यांसाठीही तसा विचार चालू होता. डू बॉइस यांनी उत्तर दिलं, दोन्ही पत्रं उपलब्ध आहेत. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव कुठून आलं हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वडिलांच्या पिढीने ब्लॅक पँथरच्या ओकलंडचं नाव वस्तीत ऐकलं होतं.

एक सावधगिरीही सांगतो. जात आणि वंश एकच आहेत असं सरसकट धरून मुलं प्रबंध लिहितात, ते मला मान्य नाही. जात रंगावरून ओळखता येत नाही, तिला धर्मग्रंथांचा आधार दिला गेला, तिच्यात पायऱ्या आहेत. तुलना जरूर करावी, पण दोन्हींचा अभ्यास करून. आणि आपल्या घरांतून काळ्या रंगाबद्दल जे बोललं जातं, अमेरिकेत गेलेल्या आपल्या लोकांत कोणत्या वस्तीत घर घेऊ नये याबद्दल जे बोललं जातं, तेही या निमित्ताने बोललं जावं.

अदिती_ब | मंगळवार, सकाळी ८.१५

प्रबुद्ध, शेवटचं वाक्य लिहिल्याबद्दल आभार. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे बनवून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या, तिथे गृहकर्ज धोक्याचं ठरवलं. ते नकाशे पाहिल्यावर "तो एरिया खराब आहे" हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

आणखी एक, खास इथल्या मराठी घरांसाठी. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९४६ नंतरही भारताचा स्थलांतराचा कोटा वर्षाला १०० होता. तो १९६५ च्या कायद्याने गेला. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि हा स्थलांतर कायदा एकाच लाटेत आले. ज्या कृष्णवर्णीय आंदोलकांनी अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे फवारे अंगावर घेतले त्यांच्यामुळे आपल्यासाठी दार उघडलं. आजींना हे नक्की सांगा.

मांडवीकाठ | मंगळवार, दुपारी ४.३०

गोव्याहून लिहिते. पियो गामा पिंटो यांचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये. नैरोबीत जन्मलेले गोवेकर, शिक्षण भारतात, गोव्याच्या मुक्तीसाठी काम केलं, केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात ब्रिटिशांनी त्यांना डांबून ठेवलं. स्वतंत्र केनियात २४ फेब्रुवारी १९६५ ला घराबाहेर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांची हत्या होऊन तीनच दिवस झाले होते, आणि दोघांची ओळख होती.

मीरा_एडिसन | बुधवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे खूप आभार. रात्री धागा तिला आणि तिच्या बाबांना वाचून दाखवला. सुपर्ण, तुमचा मुद्दा तिला पटला. ती संख्याशास्त्र ठेवते आहे, आफ्रिकाना स्टडीज दुसरं मेजर म्हणून जाहीर करते आहे आणि दोन्ही आय-ट्वेंटीवर येतील हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आधी लिहून घेणार आहे. एक उन्हाळी सत्र जास्त लागेल, तो खर्च आम्ही करू. आजींना थिंड आणि १९६५ चं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पोरीला शिकू दे." कटगुणला त्या कधी गेल्या नाहीत, आता जाईन म्हणाल्या.

एक विचारायचं होतं. भाषेचे चार कोर्स सक्तीचे आहेत. स्वाहिली की पोर्तुगीज? जहाजांच्या नोंदींवर प्रबंध करायचं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय.

अदिती_ब | बुधवार, रात्री १०.००

पूर्व आफ्रिकेत जाऊन लोकांमध्ये काम करायचं असेल तर स्वाहिली. जहाजांच्या नोंदी वाचायच्या असतील तर डोळे मिटून पोर्तुगीज. लुआंडा, साल्वादोर, लिस्बन इथले सगळे कागद त्यात आहेत.

मांडवीकाठ | बुधवार, रात्री १०.२२

आणि पणजी! मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा. तिथून माणसं गुलाम करून गोव्यात आणली जायची. ते कागद आमच्या पुराभिलेखागारात आहेत. अटलांटिकबद्दल जितकं काम झालंय त्याच्या मानाने हिंदी महासागरातल्या या व्यापारावर फार थोडं झालंय. तिला एका उन्हाळ्यात इकडे पाठवा. विद्यापीठाचं पत्र घेऊन आधी परवानगीचा अर्ज करायचा, आणि यायच्या आधी सतराव्या-अठराव्या शतकातलं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचायचा सराव करायचा. छापील पोर्तुगीज येतं म्हणून ते वाचता येईल असं नाही.

सुपर्ण | बुधवार, रात्री ११.०५

कल्पना उत्तम आहे. फक्त कुठला उन्हाळा ते जपून ठरवा. एच-फोरवरून एफ-वनसाठी अमेरिकेत राहूनच अर्ज केला असेल आणि तो प्रलंबित असताना ती देशाबाहेर गेली, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. एकतर अर्जाच्या बऱ्याच आधी गोव्याला जाऊन परत यावं, किंवा भारतातच वकिलातीत एफ-वनचा व्हिसा घेऊन परतावं. तिकीट काढण्याआधी विद्यापीठातल्या सल्लागाराला दोन्ही तारखा दाखवा.